समुद्रालगतच्या डोंगराचा ट्रेक, मार्चअखेर: किती वाजता निघावं?

वाटसरू_नवा
वाट थेट किनाऱ्यावरून सुरू होते. ७५० मीटर चढून धार, पलीकडे तीव्र उतार आणि शेवटचे २ किमी कड्याखालच्या पुळणीवरून. एकूण १४ किमी. किती तास धरू? सकाळी ७ ला निघालो तर चालेल? वर थंडी असते का?

धारकरी
नेस्मिथचा ठोकताळा लावा: दर ५ किमीला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास. तुमचे झाले चार तास. उतार तीव्र आहे, म्हणून दर ३०० मीटरला १० मिनिटं वाढवा. खाणं, फोटो, रस्ता चुकणं धरून सहा तास. सुरुवात समुद्रसपाटीवरून आहे, त्यामुळे नकाशावरची उंची पूर्णच्या पूर्ण चढावी लागते. ‘७५० चाच तर डोंगर’ म्हणणारे इथेच दमतात.

थंडी: हजार मीटरला साधारण ६.५ अंश, म्हणजे माथ्यावर जवळपास ५ अंश कमी. खरा त्रास वाऱ्याचा. घामाने भिजलेला सुती शर्ट धारेवर अंगाला गार चिकटतो. चटकन वाळणारा शर्ट घाला, विंडचीटर सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवा.

ओहोटीवाला
आधी भरतीचं वेळापत्रक बघा, मग गजर लावा. २१ मार्चच्या आसपासच्या अमावास्या-पौर्णिमेला वर्षातली मोठी उधाणं येतात. दिवसाला दोन भरत्या येणाऱ्या किनाऱ्यावर सहा तासांतला चढ बाराव्या हिश्शांत मोजतात: १, २, ३, ३, २, १. म्हणजे ओहोटी संपल्यावर पहिल्या दोन तासांत पाणी पावपटच चढतं, पुढच्या दोन तासांत निम्मं. पहिल्या दोन तासांत माणूस निवांत रेंगाळतो आणि तिसऱ्यात अडकतो. त्यातून आधी बंद होतं ते भूशिराचं टोक. मागची वाळू कोरडीच दिसत असते.

वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे गेल्या आठवड्यातल्या कुणाच्या अनुभवावर विसंबू नका. समुद्रावरून जोराचा वारा असेल तर पाणी तक्त्यापेक्षा वर येतं.

खडकावर पाय ठेवताना: पांढऱ्या खरखरीत कवचांचा भाग पकड देतो. काळा, ओला खडक साधा दिसतो आणि सपशेल आपटवतो.

धारकरी
धुक्याचं राहिलं. वसंतात हवा तापते, समुद्र अजून गार असतो; दमट हवा त्यावरून सरकली की धुकं धरतं आणि वारा ते धारेवर चढवतो. निरभ्र दिवशीसुद्धा. मार्गाचा ट्रॅक फोनमध्ये ऑफलाइन हवाच. अशा वेळी कड्यापासून लांब राहा: काठावरच्या गवताखाली कित्येकदा माती उरलेली नसते. काठाला समांतर भेग दिसली तर तिच्या अलीकडूनच चाला.

गवतफुला
हे दिवस पक्ष्यांच्या विणीचे. डोक्यावर झेपा घेऊ लागले तर घरटं जवळ आहे, वळसा घाला. गोचिडांसाठी पँट मोज्यात खोचा.

वाटसरू_नवा
त्या दिवशी ओहोटी १०.४० ला आहे.

ओहोटीवाला
मग ७ चा बेत सोडा. पुळणीवर पोचेपर्यंत १२ वाजतील आणि पाणी चढतं असेल. मार्ग उलटा करा. साडेनऊला वाळूवर उतरलात तर मऊ वाळू धरूनही सव्वादहापर्यंत पार, तेही पाणी ओसरत असताना. साडेतीन-चारला खाली. तीव्र टप्पा आता चढताना लागेल, गुडघ्यांना तेच बरं.