मदत हवी आहे: नवीन पोरं कामावर घ्यायचीयत, सरकारी अनुदान खरंच हातात पडतं का?

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, फाउंड्रीवाल्यांकडून कास्टिंग येतात ती मशीनिंग करून द्यायची, सगळं जॉबवर्कच. आत्ता पीएफवर 23 माणसं आहेत. अजून एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) येतेय म्हणून तीन पोरं घ्यायचीयत, दोघं आयटीआय करून नुकतेच बाहेर पडलेत आणि तिसरा आधी एका ठेकेदाराकडे होता. पगार 14000 धरलाय. आता खरं सांगायचं तर सुरुवातीचे काही महिने नवीन पोरगं कमवून काहीच देत नाही, उलट टूल मोडतं, जॉब रिजेक्ट करतं, वर आपला एक चांगला ऑपरेटर त्याला शिकवण्यात अडकतो, आणि जरा हात बसला की गडी चालला चाकणला. त्यामुळे या काळात सरकार थोडा हातभार लावतंय असं ऐकल्यावर कान टवकारले.

पण विचारलं तितकी उत्तरं मिळाली. आमचे टॅक्सवाले म्हणतात प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना बघा, शेजारच्या गाळ्यातले काका म्हणतात अप्रेंटिस घे, भाचा म्हणतो मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणमधून पोरं घे, पगारच द्यायला नको. आणि वर एकाचा फोन, "साहेब माणशी 3000 मिळवून देतो, आधी फाइलचे पैसे भरा." नक्की काय करू? आणि ठेकेदाराकडच्या पोराचा जुना यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) आहे, मग तो पोरगा योजनेतून बाद होतो का?

पगारवाली:
दादा, आधी त्या फोनवाल्याचा नंबर ब्लॉक करा. नोंदणीला पैसे लागत नाहीत, पोर्टलवर तुम्ही स्वतः करू शकता, आणि सरसकट 3000 कुणालाच नाहीत. मी भोसरीत पगारपत्रकाचं काम करते म्हणून नीट सांगते. तुमचे टॅक्सवाले म्हणतात ती रोजगार योजना 1 ऑगस्ट 2025 ते 31 जुलै 2027 या काळात लागलेल्या नोकऱ्यांसाठी आहे. मालकाला मिळणारे पैसे पीएफच्या पगारावर, म्हणजे ज्या रकमेवर पीएफ कापतो तिच्यावर, ठरतात, 10000 पर्यंत असेल तर जास्तीत जास्त 1000, त्याच्या वर 20000 पर्यंत 2000, आणि त्याच्याही वर, एक लाखापर्यंत, 3000. म्हणजे तुमच्या 14000 ला महिन्याला 2000. दोन वर्षं मिळतात, आणि तुमचं उत्पादन क्षेत्रात धरलं गेलं तर तिसरं-चौथं वर्षही. फक्त जॉबवर्कवाल्यांची नोंदणी कधीकधी सेवा म्हणून झालेली असते, तर उद्यमच्या (लघुउद्योग नोंदणीच्या) दाखल्यावर काय लिहिलंय ते आजच बघून घ्या.

अट अशी की 50 पेक्षा कमी माणसं असतील तर किमान दोन माणसं वाढली पाहिजेत, आणि ती सहा महिने टिकली पाहिजेत. वाढली म्हणजे आधीच्या आकड्यावर. तीन घेतले आणि जुने दोन सोडून गेले तर वाढ एकाचीच, मग मालकाच्या हाती काही नाही. हे कुणी आधी सांगत नाही.

जुना यूएएन असलेला पोरगा बाद होत नाही. त्याला स्वतःला पहिल्या नोकरीचे पैसे मिळणार नाहीत एवढंच, तुमच्या संख्येत तो धरला जातो. बाकी दोघांना मात्र एका महिन्याच्या पीएफ पगाराइतके, कमाल 15000, दोन हप्त्यांत मिळतात, पहिला सहा महिन्यांनी, दुसरा बारा महिने भरल्यावर आणि योजनेतला आर्थिक साक्षरतेचा कोर्स केल्यावर. हे पैसे थेट त्यांच्या खात्यात जातात, त्यातले काही बचतीत अडकून राहतात. पोरांना हे नीट समजावून सांगा, निदान वर्षभर तरी चाकणला जाणार नाहीत 😄

कावळा:
सगळं ऐकलं, पण 2000 साठी एवढा खटाटोप? पीएफ आणि ईएसआय (कामगार आरोग्य विमा) भरण्यातच गेले ना ते.

पगारवाली:
हिशोब करूनच बघा की. 14000 वर मालकाचा पीएफ 12 टक्के म्हणजे 1680, त्यावर ईडीएलआय (पीएफसोबतचा जीवन विमा) आणि प्रशासकीय खर्च मिळून एक टक्का 140, आणि ईएसआय 3.25 टक्के 455. झाले 2275. त्यातले 2000 परत येतायत. म्हणजे पोरगं कायद्यात बसवून घ्यायचा खर्च जवळजवळ फिटला, पगार मात्र तुमचा तुम्हालाच द्यायचाय. आणि काही सल्लागार बेसिक 9000 दाखवून बाकी भत्त्यात टाकायला सांगतात, तसं केलं तर 2000 ऐवजी 1000 च्या आत याल. पीएफ वाचवायला गेले आणि अनुदान घालवून बसले.

जुना_फिटर:
अप्रेंटिसबद्दल मी सांगतो, आमच्याकडे दरवर्षी असतात. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली 30 किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं सक्तीचं, 4 ते 29 मध्ये तुमची मर्जी. एकूण माणसांच्या 15 टक्क्यांपर्यंत घेता येतात, म्हणजे तुमच्याकडे तीन आरामात बसतात. विद्यावेतनाच्या 25 टक्के सरकार देतं पण महिन्याला कमाल 1500, आणि ते आता थेट पोराच्या खात्यात जातं, म्हणजे 6000 च्या वर कितीही द्या, सरकारचा वाटा तिथंच थांबतो. पीएफ-ईएसआय नाही. पण अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी तुमचीच, गार्ड काढून मशीनवर उभा करू नका. शेवटी परीक्षा, पास झाला की राष्ट्रीय प्रमाणपत्र. पोराला पुढं त्याचा उपयोग होतो, म्हणून मन लावून शिकतो. माझं मत विचाराल तर शिकवायची खरी तयारी असेल तरच हा रस्ता. नुसता स्वस्त हेल्पर पाहिजे म्हणून घेणारे बघितलेत, वर्षभर झाडू मारून घेतात आणि मग म्हणतात हल्लीच्या पोरांना काम येत नाही.

पगारवाली:
आणि एक, अप्रेंटिस पीएफमध्ये येत नाही म्हणून रोजगार योजनेच्या वाढीतही धरला जात नाही. तेच मुख्यमंत्री योजनेचं, तिथे पोरगा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. आयटीआयवाल्याला महिन्याला 8000 सरकार थेट देतं, आधी सहा महिने होतं मग अकरा केलं. एकाच पोरावर एकावेळी दोन्हीकडचं घेता येत नाही. पण आधी अप्रेंटिस आणि मग कायम, असं पाठोपाठ चालतं. पहिला यूएएन तेव्हाच निघाला तर त्याची ती पहिलीच नोकरी. फक्त 31 जुलै 2027 पर्यंत घ्या.

धागाकर्ता:
लय भारी माहिती दिलीत, टॅक्सवाल्यांनाही हे एवढं सांगता आलं नव्हतं. आता विचार असा की ठेकेदाराकडचा आणि आयटीआयमधला एक, असे दोघं थेट पीएफवर घ्यायचे, म्हणजे दोनाची अट पुरी होते, आणि तिसऱ्याला अप्रेंटिस. पण माझा एक हेल्पर मे महिन्यात गावाकडं जातो तो कधी येतो कधी येत नाही. तो आलाच नाही तर अट मोडेल ना?

पगारवाली:
मोडेल. काठावर राहू नका, तिघंही पीएफवर घ्या आणि अप्रेंटिस वेगळा चौथा बघा, जमत असेल तर. आणि नवीन पोरांचा यूएएन उमंग अॅपवर चेहरा दाखवूनच निघतो, आधारला मोबाइल जोडलेला आहे का आणि खातं आधारशी लिंक आहे का ते रुजू व्हायच्या आधीच तपासा. दर महिन्याचं ईसीआर (पीएफचं ऑनलाइन विवरणपत्र) वेळेत भरायचं, उशीर नको.

धागाकर्ता:
चौथ्याचं मशीन आल्यावर बघतो. उद्यमचा दाखला काढून बघितला, "सेवा" लिहिलंय 🤦 हे बदलून घ्यायला काय करावं लागतं, कुणी केलंय का?