‘प्रक्षेपणाचे थेट प्रक्षेपण’ : प्रक्षेपण, प्रसारण आणि ‘थेट’ या शब्दांविषयी

प्रश्न

मुलांच्या एका विज्ञान-अंकासाठी छोटे टिपण लिहीत असताना एका वाक्यापाशी माझी लेखणी अडली आहे. १४ जुलै २०२३ रोजी दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ अवकाशात सोडण्यात आले आणि लाखो लोकांनी ते दृश्य घरबसल्या टीव्हीवर किंवा मोबाइलवर पाहिले, एवढेच मला सांगायचे होते. वाक्य कागदावर उतरले ते असे : ‘चांद्रयान-३ च्या प्रक्षेपणाचे थेट प्रक्षेपण लाखो लोकांनी पाहिले.’ व्याकरणाच्या दृष्टीने त्यात चूक काढता येत नाही, पण मोठ्याने वाचले की हसू येते.

यान आकाशात सोडणे आणि त्याची चित्रे घरोघर पोहोचवणे या दोन अगदी वेगळ्या क्रियांसाठी मराठीने एकच शब्द का पत्करला असावा? दुसऱ्या जागी ‘प्रसारण’ घातले तर अडचण सुटते, परंतु माझ्या वडीलधाऱ्या स्नेह्यांच्या मते तो हिंदीच्या वळणाचा शब्द आहे आणि मराठीत ‘थेट प्रक्षेपण’ हेच रुळलेले आहे. तिसरी शंका ‘थेट’ या शब्दाची. मी मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत असतो तेव्हा गडी बाद झाल्याचा जल्लोष शेजारच्या घरातून आधी ऐकू येतो आणि माझ्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो. अशा चित्राला ‘थेट’ म्हणावे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १

आपल्या पहिल्या प्रश्नाचे मूळ ‘क्षिप्’ या संस्कृत धातूत आहे. क्षिप् म्हणजे फेकणे, टाकणे. आक्षेप, संक्षेप, हस्तक्षेप, अधिक्षेप, निक्षेप, विक्षेप हा सारा गोतावळा त्याचाच आहे आणि प्रत्येकात काही ना काही फेकले किंवा टाकले जाते. हस्तक्षेपात आपण दुसऱ्याच्या कामात हात टाकतो, तर संक्षेपात पसरलेले सारे एका ठिकाणी गोळा करून टाकतो. ‘प्र’ या उपसर्गाने फेकण्याला पुढची दिशा मिळाली आणि प्रक्षेपण म्हणजे पुढे, दूरवर फेकणे झाले. अग्निबाणाने यान वर फेकले जाते, मनोऱ्यावरून विद्युतचुंबकीय लहरी चहूकडे फेकल्या जातात. दोन्ही ठिकाणी धातूचा अर्थ शाबूत आहे, म्हणून शब्द घडवणाऱ्यांना त्यात विसंगती जाणवली नसावी.

एवढ्यावर भागत नाही. भूगोलाच्या पुस्तकात नकाशाचे प्रक्षेपण असते आणि मानसशास्त्रात आपल्या मनातले भाव दुसऱ्यावर लादण्याला प्रक्षेपण म्हणतात. प्राचीन ग्रंथात मागाहून कोणी घुसडलेल्या ओवीला किंवा श्लोकाला आपण ‘प्रक्षिप्त’ म्हणतो, तेही याच कुळातले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न अशाच भेसळीचा होता. एकाच शब्दाने इतकी ओझी वाहिल्यावर दोन ओझी एका वाक्यात एकमेकांवर आदळणारच, आणि आपल्या वाक्यात नेमके तेच झाले आहे.

‘ब्रॉडकास्ट’ हा इंग्रजी शब्द रेडिओच्या आधी शेतातला होता. मूठभर बी हाताने चौफेर भिरकावून केलेल्या पेरणीला तो वापरत असत. आपल्याकडे पाभरीने ओळीत केलेली पेरणी वेगळी आणि मेथी-कोथिंबिरीचे बी वाफ्यात फोकून टाकणे वेगळे. ‘ब्रॉडकास्ट’ म्हणजे हे फोकणे. कोणता दाणा कोठे पडेल आणि कोणता उगवेल याची चिंता फोकणारा करत नाही, तसे प्रक्षेपण केंद्रालाही आपल्या लहरी कोणत्या घरातल्या संचाने पकडल्या हे कळत नसते. ‘प्रक्षेपण’ या शब्दाने हे फेकणे जसेच्या तसे टिपले आहे, ‘प्रसारण’ने ते टिपलेले नाही. माझा कौल त्यामुळे प्रक्षेपणाच्या बाजूने आहे.

उत्तर २

वरील उत्तरातील व्युत्पत्ती मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. शब्द कोणत्या धातूपासून आला यावरून त्याची आजची योग्यता ठरवू लागलो तर ‘आकाशवाणी’ हा शब्द कंसाला देवकीच्या आठव्या पुत्राविषयी मिळालेल्या इशाऱ्यापुरताच राखून ठेवावा लागेल.

प्रसारण हिंदीतून आले हे अर्धे खरे आहे. प्र + सृ, म्हणजे पुढे सरकणे, पसरणे. त्याचे प्रयोजक रूप झाले की ‘पसरवणे’ हा अर्थ येतो आणि त्यापासून प्रसारण साधते. शिक्षणप्रसार, धर्मप्रसार, रोगाचा प्रसार हे शब्द मराठीत नांदत आहेतच. संस्था आपले प्रसिद्धिपत्रक ‘प्रसृत’ करतात, मुलाखत ‘प्रसारित’ होते. तेव्हा शब्द परका नाही. परकी असेल तर ती ‘सीधा प्रसारण’ या हिंदी जोडीवरून बेतलेली ‘थेट प्रसारण’ ही जोडी. जाता जाता एवढे सांगतो की पदार्थविज्ञानातले ‘प्रसरण’ आणि हे ‘प्रसारण’ एक नव्हे. उष्णतेने लोखंड आपोआप पसरते ते प्रसरण, आणि कोणीतरी मुद्दाम पसरवतो ते प्रसारण. वृत्तपत्रांत या दोहोंची गल्लत अनेकदा दिसते.

या बाबतीत दिल्लीच्या शब्दांचे वजन मराठीवर पडले, ही गोष्ट मात्र खरी आहे. आज ‘माहिती व प्रसारण मंत्रालय’ असे सर्रास लिहिले जाते. वसंत साठे १९८० ते १९८२ या काळात ते खाते सांभाळत होते तेव्हा मराठी वाचकाच्या तोंडी ‘माहिती व नभोवाणी मंत्री’ हे शब्द होते. नभोवाणी हा रेडिओसाठीचा सामान्य शब्द होता आणि आकाशवाणी हे एका संस्थेचे नाव. म्हैसूरला एम. व्ही. गोपालस्वामी या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९३५ मध्ये स्वतःच्या खटपटीने केंद्र उभारले, त्याचे हे नाव पुढे ऑल इंडिया रेडिओने घेतले. नाव एवढे मोठे झाले की त्याने नभोवाणीला गिळले. ‘नभोनाट्य’ हा शब्द तेवढा त्यातून वाचला. दूरदर्शन आणि दूरचित्रवाणी यांचेही थोडेफार असेच झाले, कारण खासगी वाहिन्या आल्यानंतर संस्थेचे नाव आणि माध्यमाचे नाव वेगळे करणे भागच पडले. १९९० च्या कायद्याने स्वायत्त महामंडळाची तरतूद झाली, १९९७ मध्ये ते प्रत्यक्षात आले आणि त्याचे नाव ‘प्रसार भारती’ ठेवले गेले. तेव्हापासून ‘प्रसार’ या अंगाला सरकारी बळ मिळाले आहे.

माझे म्हणणे असे की कार्यक्रमाच्या आशयाविषयी बोलायचे असेल तेव्हा प्रसारण आणि लहरी सोडण्याच्या तांत्रिक क्रियेविषयी बोलायचे असेल तेव्हा प्रक्षेपण, ही वाटणी सोयीची आहे आणि पुष्कळ लेखक नकळत ती पाळतातही.

उत्तर ३

माझी सारी नोकरी प्रक्षेपण केंद्रांवर गेली, म्हणून दोन गोष्टी सांगतो. आम्ही मंडळी आपसात बोलताना ट्रान्समीटर, फीड, रिले हेच म्हणत होतो. मराठी शब्द निवेदकांच्या संहितेत असत. परंतु त्या संहितेतला एक शब्द मला फार आवडत असे आणि आपल्या चर्चेत तो अजून आलेला नाही. तो शब्द म्हणजे ‘सहक्षेपण’.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी तेच कार्यक्रम पुणेकरांना सिंहगडावरील मनोऱ्यामुळे दिसू लागले. सिंहगडावर कार्यक्रम तयार होत नव्हते. मुंबईहून आलेला संकेत घ्यायचा, त्याचे बळ वाढवायचे आणि त्याच क्षणी पुढे सोडायचा, एवढेच तेथले काम. याला सहक्षेपण म्हणतात. ‘सह’ या दोन अक्षरांत ‘त्याच वेळी’ हे कलम आले. दिल्लीचे मराठी बातमीपत्र राज्यातल्या आकाशवाणी केंद्रांवरून ‘सहक्षेपित’ होत असे. तोच कार्यक्रम मुद्रित करून दुसऱ्या दिवशी दाखवला तर त्याला पुनःप्रक्षेपण म्हणायचे. ‘रिले’ या शब्दातून हा भेद इतका स्वच्छ कळत नाही. दूरदर्शनचे असे जुने ट्रान्समीटर गेल्या काही वर्षांत बहुतेक बंद झाले, पण शब्द बंद पडावा असे मला वाटत नाही. एकच सामना पाच वाहिन्यांवर आणि दोन अ‍ॅपवर एकाच वेळी चालू असतो तेव्हा त्याला सहक्षेपण याहून चांगला शब्द नाही.

आता ‘थेट’विषयी. शेजाऱ्याचा जल्लोष आधी ऐकू येण्याचे कारण सरळ आहे. दळणवळणाचा भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. संकेताला वर जाऊन खाली येण्यास पाव सेकंद पुरतो, म्हणजे अंतराचा दोष नगण्य आहे. खरा वेळ चित्र संगणकीय रूपात आवळण्यात जातो. मोबाइलवर तर त्याचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात आणि जोडणी मध्येच ढिली पडली तरी चित्र थांबू नये म्हणून असे दोनतीन तुकडे आधी साठवून मग दाखवायला सुरुवात होते. तुकडा सहा सेकंदांचा धरला तर वीस सेकंदांची पिछाडी सहज होते. शेजाऱ्याकडे डिश आहे, आपल्याकडे अ‍ॅप आहे, एवढाच याचा अर्थ.

तरीही त्याला थेट म्हणण्यास माझी हरकत नाही. मराठीतला ‘थेट’ हा वाटेचा शब्द आहे, वेळेचा नाही. आपण ‘गाडी थेट कोल्हापूरला जाते’ असे म्हणतो तेव्हा ती किती तासांत जाते हे सांगत नाही, मध्ये बदलावी लागत नाही एवढेच सांगतो. मैदानातून निघालेले चित्र मध्ये कोठे मुद्रित होऊन पडून न राहता आपल्यापर्यंत आले, तर ते थेटच. वीस सेकंदांनी त्याचे थेटपण जात नाही.

उत्तर ४

उत्तर ३ मधील ‘थेट’ची उकल पटली. मोबाइलवरील चित्राला मात्र ‘प्रक्षेपण’ म्हणावे का, याचा विचार व्हायला हवा. फोकण्याची उपमा तेथे लागू पडत नाही. मनोरा एकदाच फेकतो आणि घेणारे शंभर असोत की दहा लाख, त्याचे श्रम तेवढेच राहतात. अ‍ॅपवर ज्याने मागितले त्याच्यासाठी वेगळा प्रवाह सोडावा लागतो, म्हणून मोठ्या सामन्याच्या दिवशी ती यंत्रणा धापा टाकते. हे काम पाटाच्या पाण्याचे आहे, ज्याने दार मोडले त्याच्याच वाफ्यात पाणी जाते. त्यासाठी ‘प्रवाहन’ असा शब्द सुचवावासा वाटतो.

उत्तर ५

‘प्रवाहन’ कोशात शोभेल, बोलण्यात येणार नाही. तेथे ‘स्ट्रीमिंग’ केव्हाच बसले आहे आणि ते उठवण्याची गरज मला वाटत नाही.

या चर्चेत सर्वांनी नामांचाच विचार केला, क्रियापदाकडे कोणी पाहिलेले नाही. घरातला माणूस ‘प्रक्षेपण सुरू झाले का?’ असे विचारत नाही आणि ‘प्रसारण सुरू झाले का?’ असेही विचारत नाही. तो विचारतो, ‘मॅच लागली का?’ आपण रेडिओ लावतो, बातम्या लावतो, गाणी लावतो. सिनेमा लागतो, नाटक लागते. आषाढीला पहाटे उठून आजी ‘पंढरपूरची पूजा लागली असेल, टीव्ही लाव’ असे म्हणते. ज्या क्रियापदाने आपण दिवा लावतो आणि झाड लावतो, त्याच क्रियापदात मराठी माणसाने नभोवाणीपासून मोबाइलपर्यंतची सारी माध्यमे विनासायास सामावून घेतली. पारिभाषिक शब्द बदलत राहिले, ‘लागणे-लावणे’ जागचे हलले नाही. संकेत फेकला गेला की पाटाने आला, याच्याशी त्याला कर्तव्य नाही, कारण ते केंद्राच्या बाजूने बोलत नसून पाहणाऱ्याच्या बाजूने बोलते.

मूळ प्रश्नकर्त्यांच्या वाक्यातली अडचणही तेथेच आहे असे मला वाटते. मुलांच्या अंकात तांत्रिक क्रियेचे नाव घेण्याची गरजच काय? लोकांनी पाहिले, असे सरळ लिहावे.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. प्रसारण-प्रक्षेपण यांची वाटणी मी पुढच्या लेखनात पाळून पाहीन. ‘सहक्षेपण’ हा शब्द माझ्या वहीत गेला आहे आणि ‘थेट’विषयीची माझी शंका फिटली. ‘प्रवाहन’चा मोह मी आवरला. उत्तर ५ ऐकून वाक्य आता असे केले आहे : ‘चांद्रयान-३ चे प्रक्षेपण लाखो लोकांनी घरबसल्या टीव्हीवर आणि मोबाइलवर पाहिले.’

संपादकांनी आज ते वाचले आणि समासात विचारले की यातले प्रक्षेपण कोणते, यानाचे की चित्रांचे. मी उत्तर लिहिले की दोन्ही अर्थांनी वाक्य खरे आहे, आणि त्यांनी ते तसेच छापायला दिले.