सत्रसुट्टीत दहा दिवस: ड्रेस्डेनहून कुठे कुठे जाऊ?

पूलवेडी
नमस्कार मंडळी. मी जर्मनीत ड्रेस्डेनला सिव्हिलमध्ये मास्टर्स करतेय. पहिल्या सत्राच्या परीक्षा आटोपल्या, आता थेट एप्रिलपर्यंत वर्ग नाहीत. मार्चमधले दहा दिवस फिरायला काढलेत. खर्चाला ६०० युरो बाजूला ठेवलेत, त्यात प्रवास, राहणं, खाणं सगळं आलं. वय २४, एकटीच जाणार, हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये राहायची तयारी आहे.

यादी अशी: प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, व्हेनिस, पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम. जमलंच तर लंडन, तिथे मावसबहीण असते. इंटररेलचा (अनेक देशांतल्या गाड्यांना चालणारा) पास घ्यावा की सुटी तिकिटं? यादी लांबलीय हे मलाही कळतंय. पण शिक्षण संपल्यावर इथे राहायला मिळेल की नाही कुणास ठाऊक, म्हणून काही सोडवत नाहीये.

खिडकीची जागा
लंडन आत्ताच काढून टाक. ब्रिटन शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) नाही, त्याला वेगळा व्हिसा लागतो. बाकी सगळी शहरं तुझ्या जर्मन रहिवास परवान्यावर होतील. दुसऱ्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, त्यामुळे ती काळजी नाही.

आता खरं सांगते. मीही पहिल्या वर्षी अशीच हावरटासारखी निघाले होते, आठ दिवसांत पाच शहरं. ब्रसेल्स म्हटलं की मला आजही आठवतं ते स्टेशनवरचं सामान ठेवायचं लॉकर. शहर आठवतच नाही. तू प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट एवढंच कर आणि प्रत्येक ठिकाणी तीन रात्री रहा. तिन्ही एका ओळीत आहेत. ड्रेस्डेन ते प्राग अडीच तासांच्या आत, प्राग ते व्हिएन्ना चार तास, तिथून बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. कुठल्याच दिवसाचा बळी जात नाही.

इंटररेल या प्रवासाला परवडणार नाही. युरोपात राहणारी म्हणून तुला इंटररेलच लागू होतो, बाहेरून येणाऱ्यांचा युरेल नाही, आणि २७ वर्षांपर्यंत तरुणांचा दर मिळतो हे खरं. पण चार गाड्यांसाठी पास कशाला? सुटी तिकिटं आजच काढ. लवकर काढलेली स्वस्त तिकिटं ठरावीक गाडीलाच चालतात, गाडी चुकली की पैसे गेले, एवढं लक्षात ठेव.

आणि प्रागला जाताना डावीकडची खिडकी घे. पिर्नाच्या पुढे एल्ब नदी अगदी रुळाला येऊन भिडते, पलीकडे वाळूच्या दगडांचे उभे कडे. त्या वेळात फोन बघू नकोस.

दगड आणि कमान
धागाकर्तीचं नाव वाचून राहवलं नाही. पुलांची आवड असेल तर वरच्या ताईंनी सुचवलेल्या ओळीला तोड नाही.

प्रागचा चार्ल्स पूल १३५७ मध्ये बांधायला घेतला. त्याआधीचा जुडिथ पूल १३४२ च्या पुरात गेला होता. लांबी ५१६ मीटर, १६ कमानी, आणि १८४१ पर्यंत शहरात व्ल्टावा नदीवर हा एकच पूल होता. पहाटे उजाडताना जा. नऊनंतर तिथे माणसांच्या पाठीच दिसतात. वरून चालून झालं की कांपा बेटावर उतर आणि कमानीखाली उभी राहून दगडांचे सांधे बघ. वेगवेगळ्या काळातले दगड रंगावरून ओळखू येतात. मी एक अख्खी सकाळ तिथेच घालवली होती.

बुडापेस्टचा साखळी पूल १८४९ मध्ये खुला झाला, तेव्हा बुडा आणि पेश्त ही दोन वेगळी गावं होती. ती एक झाली १८७३ मध्ये. जानेवारी १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पूल उडवला आणि बरोबर शंभराव्या वर्षी, १९४९ मध्ये, तो पुन्हा सुरू झाला. तिथून आंद्राशी रस्त्याखालची एक नंबरची मेट्रो पकड, १८९६ ची. युरोपच्या मुख्य भूमीवरची ती पहिली भुयारी रेल्वे. चार पायऱ्या उतरलं की फलाट येतो इतकी ती उथळ आहे, कारण आधी रस्ता खणून मग वर छत घातलंय. पांढऱ्या फरशा, लाकडी दारांच्या तिकीटखिडक्या. तू सिव्हिलची, तुला हे सांगताना मलाच आनंद होतोय.

पूलवेडी
दगड आणि कमान, किती मनापासून लिहिलंत! आमचा इथला कॅरोला पूल ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे एका बाजूने एल्बमध्ये कोसळला. मी आले तेव्हा पहिल्या आठवड्यात वर्गात त्याचीच चर्चा होती, म्हणून हे नाव घेतलं.

तीन शहरं पटली. व्हेनिस, ॲमस्टरडॅम गेलं तरी चालेल. पण पॅरिस सोडताना जीव तुटतोय. सगळ्यात स्वस्त बस बघून दोन दिवस टेकून येऊ का?

सेनेकाठी
दोन दिवसांसाठी पॅरिसला जाऊ नकोस, पण पॅरिस सोडूही नकोस. स्वतंत्र चार-पाच दिवस काढ आणि २६ पूर्ण व्हायच्या आत काढ. युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहणाऱ्या १८ ते २५ वयाच्यांना लूव्र संग्रहालय फुकट आहे. इथे नागरिकत्व बघत नाहीत, राहण्याचं ठिकाण बघतात. म्हणजे भारतीय पासपोर्ट असला तरी तुझं जर्मन कार्ड चालतं. मी याच्या जोरावर लूव्रला चार वेळा गेले, दर वेळी एकच दालन, कंटाळा यायच्या आत बाहेर. फुकट असलं तरी वेळ ऑनलाइन राखून ठेवायची. मंगळवारी लूव्र बंद, सोमवारी ओर्से हे दुसरं संग्रहालय. नोत्र-दाम चर्चही आगीनंतर ८ डिसेंबर २०२४ पासून उघडलंय, आत जायला तिकीट नाही.

याच्या उलट बुडापेस्टच्या संसदेत नागरिकत्वावर दर ठरतो, तिथे तुला युरोपीय नागरिकांपेक्षा महाग तिकीट पडेल.

रात्रीची बस
कुणी कागदपत्रांचं नीट बोललेलं नाही, म्हणून लिहिते. पासपोर्ट आणि रहिवास कार्ड, दोन्ही, मूळ, अंगावर. मी गेल्या वर्षी प्रागहून रात्रीच्या बसने परतत होते. सीमेपाशी बस बाजूला घेतली आणि पोलीस चढले. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी लावलीय, हे मला माहीत नव्हतं. पासपोर्ट होता, कार्ड मात्र खोलीतल्या टेबलाच्या खणात. फोनमधला फोटो दाखवला, तो चालला नाही. मला खाली उतरवून नोंदी तपासल्या आणि शेवटी सोडलं, पण तोवर बस निघून गेली होती. थंडीत पहाटेपर्यंत पेट्रोल पंपावर बसले होते. घरी कुणाला कळवलंसुद्धा नाही.

कार्ड अजून हातात आलं नसेल आणि तात्पुरता कागद असेल, तर त्यावर बाहेर जाऊन परत येता येतं का हे परदेशी नागरिक कार्यालयात लेखी विचार. सगळ्या कागदांवर येत नाही.

खिडकीची जागा
हे वाचून काटा आला. पूलवेडी, कार्ड आलंय ना?

व्हिएन्नाचं राहिलं होतं. ऑपेराची उभ्याची तिकिटं त्याच दिवशी मिळतात, बसायच्या तिकिटांपुढे किंमत काहीच नाही. आत गेल्यावर कठड्याला आपला स्कार्फ बांधायचा, मग ती जागा तुझी. खुशाल बाहेर फिरून ये, कुणी हलवत नाही. कार्ल्सप्लात्झचं व्हिएन म्युझियम, कायमचं दालन फुकट. श्योनब्रुनची बागही फुकट, राजवाडा आतून नाही बघितलास तरी चालेल. त्यापेक्षा कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात चित्रकार ब्रॉयगेलच्या खोलीत बस. बर्फातून परतणाऱ्या शिकाऱ्यांचं १५६५ चं चित्र तिथे आहे. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच ब्रेड-चीज घेऊन ठेव.

प्रागमध्ये कोरुना, बुडापेस्टमध्ये फोरिंट. एटीएम किंवा कार्डाचं मशीन 'युरोत रूपांतर करू का' विचारतं, तिथे नाही म्हण. होय म्हटलं की दर ते ठरवतात.

पूलवेडी
कार्ड आलंय, आत्ताच खणातून काढून पासपोर्टच्या पाकिटात ठेवलं.

ठरलं मग: प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, तीन-तीन रात्री. पॅरिस सप्टेंबरमध्ये. प्रागचं तिकीट काढलं, खिडकी डावीकडची. बुडापेस्टहून परत यायला ब्रातिस्लाव्हा-प्रागवरून थेट ड्रेस्डेनची गाडी दिसतेय, पण नऊ तासांहून जास्त. मध्ये कुठे तोडू का?

दगड आणि कमान
तोडू नकोस. बुडापेस्ट सोडल्यावर तासाभराच्या आत डॅन्यूब वळते, पलीकडे डोंगरावर विशेग्रादचा किल्ला दिसतो. तेव्हाही डावीकडेच बस. एल्बच्या वेळी मात्र उजवीकडे सरक.