मदत हवी आहे: हेम्पच्या लगद्यात गाठी होताहेत

नमस्कार मंडळी, नागपुरात हातकागदाचं छोटं काम करते. आजवर सुती चिंध्या आणि अंबाडी वापरली. आता उत्तराखंडहून औद्योगिक हेम्पची (म्हणजे धाग्यासाठी लावतात त्या भांगेची) साल मागवली आहे. (तिथे टीएचसी हा नशा आणणारा घटक ०.३ टक्क्यांहून कमी असलेल्या वाणाला लागवडीचा परवाना मिळतो.) कॉस्टिक सोड्यात चार तास शिजवली, धुतली, तरी बीटरच्या (लगदा कुटायच्या यंत्राच्या) रोलरला धागे वेणीसारखे गुंडाळले जातात. ताव उन्हाला धरला की गाठी दिसतात. सालीचा तंतू साधारण २० मिमी, म्हणजे फारच लांब. आधी किती बारीक कापावी? खोडाच्या आतला गाभा आखूड तंतूंचा. तो मिसळला तर ताव एकसारखा येईल का? कागद मात्र इतका चिवट होतोय की नाद सोडवत नाही. कुणी केलं असेल तर प्रमाण सांगा ना.