'शातो'ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादक: फ्रान्समधील लुआर खोऱ्यावरच्या एका प्रवासलेखाचा अनुवाद करताना मी 'शातो' (राजे-सरदारांचे भव्य निवासस्थान) या फ्रेंच शब्दापाशी अडलो आहे. आपल्याकडे त्याला सर्रास 'किल्ला' म्हणतात, ते मला पटत नाही. लॅटिनमधील 'कास्तेल्लुम' म्हणजे लहान तटबंद ठाणे. त्यापासून जुन्या फ्रेंचमध्ये 'शास्तेल' झाले आणि पुढे त्यातला 'स' गळला, ज्याची खूण म्हणून 'शातो' लिहिताना पहिल्या स्वरावर आजही टोपी चढवतात. दरम्यान अर्थही बदलला. १५१९ मध्ये बांधायला घेतलेला शांबोर हा फ्रान्सचा राजा फ्रान्स्वा पहिला याचा शिकारीसाठीचा निवास, आणि व्हर्सायलाही फ्रेंच लोक शातोच म्हणतात. म्हणून मूळ शब्द तसाच ठेवावा, असे माझे मत आहे.

गढीकर: असहमत. तटबंदी सांगायची असेल तेव्हा खुद्द फ्रेंचांना 'शातो फोर' असे दोन शब्द वापरावे लागतात; जर्मन भाषेत मात्र लढाऊ तो 'बुर्ग' आणि निवासी तो 'श्लोस' असा भेद आहे. आपल्याकडे तर भुईकोट, गढी, वाडा, राजवाडा अशी उतरंडच आहे. एवढे शब्द घरात असताना उसनवारी कशाला?

अनुवादक: वाडा म्हटले की चौक आणि ओसरी डोळ्यांसमोर येतात. शेर नदीच्या पात्रात कमानींवर उभ्या असलेल्या शेनोन्सोला वाडा म्हणवेल का? इंग्रजीनेही नॉर्मनांकडून 'कासल' घेतल्यावर पुढे 'शातो' वेगळा घेतलाच, कारण पहिल्या शब्दात बुरूज उरले होते.

द्राक्षवेल: शब्दाची एवढी प्रतिष्ठा राखण्याचे कारण नाही. बोर्दोच्या वाइनच्या बाटलीवर 'शातो' म्हणजे द्राक्षमळा, मग तिथे साधे शेतघर का असेना. आपल्या नारायणगावच्या 'शातो इंडाज' या वाइन कंपनीनेही नाव तिथूनच उचलले. कॅनडातील क्वेबेकचा १८९३ मधला 'शातो फ्रोंतनाक' हे हॉटेल आहे. आणि फ्रेंच खेड्यातली पाण्याची उंच टाकी? 'शातो द'ओ', म्हणजे शब्दशः पाण्याचा शातो! विशेषनामात शब्द ठेवावा, एरवी संदर्भ पाहून मराठी शब्द वापरावा.

गढीकर: मग व्हर्सायला काय लिहिणार?

अनुवादक: राजवाडा, तेवढे मान्य. शेनोन्सो मात्र शातोच राहील.