सुटकेसमधले आर्केड यंत्र: वीज आणि जॉयस्टिक

प्रश्न: जुन्या सुटकेसमध्ये रास्पबेरी पाय ४ (छोटा एका बोर्डाचा संगणक), १० इंची पडदा आणि जॉयस्टिक बसवून मी आर्केड यंत्र बनवले आहे, मात्र पॉवर बँकेवर खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात विजेची खूण चमकते आणि पॅक-मॅन या चक्रव्यूहाच्या खेळातले पात्र वळणावर अडकते. काय करावे?

उत्तर: ती खूण अपुऱ्या व्होल्टेजची आहे. या बोर्डाला ५.१ व्होल्टला ३ अँपिअर लागतात. पडद्याला वेगळी वीज द्या आणि केबल आखूड, जाड तारेची घ्या.

उत्तर: वळणाचे कारण मला वेगळे वाटते. १९८०चा पॅक-मॅन चार दिशांच्या जॉयस्टिकसाठी बनला होता. आठ दिशांच्या जॉयस्टिकचा दांडा तिरका गेला, की दोन स्विच एकदम दाबले जातात. दांड्याची हालचाल ठरावीक दिशांना अडवणारी तळाची चौकोनी चकती फिरवता येत असेल, तर ती ४५ अंशांत बसवा.

प्रश्नकर्ता: चकती फिरवली आणि वळणे नेमकी लागू लागली. मनापासून आभार! केबल उद्या बदलतो.