फायटर माशाची (बेट्टा) पिल्लं पावडर फीड खातात, पोट भरलेलं दिसतं, तरी वाढत का नाहीत?

कळवा_टँक:
नमस्कार मंडळी. फायटरची जोडी लावली होती, पिल्लं आता आडवी पोहतायत. ड्युटीमुळे रोज आर्टेमिया (खाऱ्या पाण्यात अंड्यांतून काढायचं बारीक जिवंत खाद्य) काढणं जमेना म्हणून एकदम बारीक पावडर फीड सुरू केलं. खातात हो, भिंगातून बघितलं तर पोटात तपकिरी ठिपका स्पष्ट दिसतो, पण अंगच धरत नाहीत, डोकं मोठं आणि मागचा भाग सुईसारखा, रोज तळाला काही मेलेली सापडतात. अमोनिया टेस्ट झिरो. डब्यावर प्रोटीन 50 टक्के लिहिलंय, मग अडतंय कुठे? दुकानदार म्हणतो एन्झाइमची पावडर मिसळा. घेऊ का?

बेलापूर_हॅचरी:
दादा, पोट भरलं म्हणजे पचलं असं नाही. या वयात पिल्लाला जठरच तयार नसतं. तोंड उघडतं तेव्हा आत नुसती सरळ नळी असते, आम्ल नाही आणि पेप्सिनही (प्रोटीन तोडणारं जठरातलं एन्झाइम) नाही. स्वादुपिंडाची एन्झाइम असतात, म्हणजे प्रोटीनसाठी ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन, पिष्टासाठी अमायलेज, चरबीसाठी लायपेज, पण कोरड्या फीडमधलं न विरघळणारं प्रोटीन आधी आम्लात उलगडावं लागतं, ते काम करणारं कोणी नाही, आणि नळी एवढी आखूड की माल अर्धवट तसाच बाहेर पडतो. आर्टेमियात विरघळणारं प्रोटीन आणि सुटी अमिनो आम्लं भरपूर, ती लगेच शोषली जातात. शिवाय आतड्याच्या मागच्या भागातल्या पेशी काही प्रोटीन अख्खंच आत ओढून घेतात, ते पुढे पेशीच्या आत पचतं.

आम्ही जिताड्याचं बीज (लहान पिल्लं) वाढवतो. त्यात 28-30 डिग्रीला जठराच्या ग्रंथी साधारण 15 दिवसांच्या आसपास दिसायला लागतात. आठव्या दिवशी जठराच्या जागी पीएच साडेसातच्या वर असतो, 22 दिवसांपर्यंत 4 च्या खाली येतो. त्याच्या आधी नुसत्या पावडरवर टाकलं की माल गेलाच समजा. फायटरचे दिवस वेगळे असतील पण क्रम हाच. आणि दिवस मोजण्यापेक्षा लांबी बघा, थंड पाण्यात सगळंच मागे पडतं.

ऐरोली_मत्स्य:
एन्झाइम पावडरवर पैसे घालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. एवढ्या बारीक कणातून ते पाण्यातच विरघळून जातं, आणि पिल्लाकडे ट्रिप्सिन असतंच, कमी आहे ती जठराची. जिवंत खाद्यातलीच एन्झाइम पिल्लाचं पचन करतात असंही खूप लोक सांगतात, पण मोजून बघितलं तेव्हा त्यांचा वाटा अगदी थोडा निघाला. जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची करा, उपाशी राहिलं की पिल्लाचं ट्रिप्सिन घसरतं आणि आतड्याचं अस्तर पातळ होतं, मग नंतर चांगलं खाद्य दिलं तरी उचल घेत नाहीत. म्हणून आजच बदला.

कळवा_टँक:
खूप आभार दोघांचे. पण एक कळलं नाही, रोहू-कटलाला तर जन्मभर जठर नसतं म्हणतात, मग ते पेंड आणि कोंडा कसा पचवतात?

बेलापूर_हॅचरी:
बरोबर विचारलंत. त्यांना कधीच जठर येत नाही, पेप्सिनही नाही. पण मोठ्या रोहूचं आतडं शरीराच्या कितीतरी पट लांब असतं आणि अमायलेज भरपूर, त्यामुळे निभतं. त्यांचंही बीज सुरुवातीला प्राणी-प्लवंगावरच, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांवरच असतं, ते वाढावेत म्हणून तर संगोपन तळ्यात बीज सोडायच्या आधी शेण टाकून पाणी तयार करतात. भुकटी केलेली पेंड आणि कोंडा त्याच्या जोडीला असतो.

ऐरोली_मत्स्य:
आणि आर्टेमिया काढण्याचा व्याप वाटतो तेवढा नाही. दोन बाटल्या आलटून पालटून लावा, लिटरला 25-30 ग्रॅम जाडं मीठ, 28 डिग्री, एअर जोरात, साधारण 24 तासांत निघतो. निघाला की लवकर घाला, उशीर झाला की त्याच्यातलं बलक संपत जातं. अंड्यांची कवचं टाकीत जाऊ देऊ नका, पिल्लांच्या पोटात अडकतात. पोट केशरी दिसलं म्हणजे बरोबर चाललंय. मासुंद्याचं किंवा कुठल्याही तलावाचं पाणी प्लवंगासाठी आणू नका, हायड्रा (काचेला चिकटणारा बारीक शिकारी जीव) आला तर पिल्लं खाऊन टाकतो.

पावडर नंतर सुरू करताना सकाळी भूक असते तेव्हा आधी चिमूटभर पावडर आणि मग आर्टेमिया, असं हळूहळू आर्टेमिया कमी करत न्या. हायड्रोलायझेट असलेलं फीड मिळालं तर तेच घ्या, त्यात प्रोटीनचे आधीच तुकडे केलेले असतात.

कळवा_टँक:
आज रात्रीच बाटल्या लावतो. पावडर पूर्ण बंद करू की थोडी चालू ठेवू?

बेलापूर_हॅचरी:
आत्ता पूर्ण बंद. तळाचा गाळ पाईपने काढून घ्या, आणि उद्या पोट केशरी झालेली किती दिसतात ते इथे कळवा.